स्टँडसमोरची ऐसपैस खोली

बीडला मुक्काम का करावा लागतो, हे एमआरच्या, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या, धंद्यात शिरल्याशिवाय कळत नाही. आमचं हेडक्वार्टर औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथून बीड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघावं, डॉक्टरांना भेटावं, रात्री घरी जेवायला यावं, असा हिशेब टूर प्रोग्रॅमच्या कागदावर सहज बसतो. प्रत्यक्षात बसत नाही, कारण जिल्ह्याच्या गावातली ओपीडी एसटीच्या वेळांवर चालते. गेवराई, वडवणी, शिरूर कासारकडचे पेशंट सकाळच्या गाडीने येतात. त्यांना दुपारची गाडी धरून घर गाठायचं असतं, म्हणून डॉक्टर अडीच-तीनपर्यंत मान वर करत नाहीत. संध्याकाळी गावातले पेशंट सुरू होतात ते रात्री दहापर्यंत. एमआरचा नंबर दोन्ही वेळा सगळ्यात शेवटी. शेवटचा पेशंट बाहेर पडला, कंपाउंडरने मानेनेच खूण केली, की दोन मिनिटांचा कॉल, म्हणजे डॉक्टरांची भेट. तो उरकून रस्त्यावर यावं, तर घरी जायची वेळ कधीच टळलेली असते.

म्हणून लॉज. आणि लॉज निवडताना चांगलं कुठलं हा प्रश्न नंतरचा. परवडणारं कुठलं, हा आधीचा. कंपनी आउटस्टेशनचा ठरावीक भत्ता देते. खोली, जेवण, चहा, रिक्षा सगळं त्यातच बसवायचं. उरलं तर आपलं, वर गेलं तर तेही आपल्याच खिशातून. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या घरचा किराणा बऱ्यापैकी या उरलेल्या पैशांवर चालायचा.

सोलापूर-धुळे महामार्गाला बायपास झाल्यापासून गावाबाहेर नवी हॉटेलं उभी राहिली. काचेचं दार, लिफ्ट, एसी, मोटारी लावायला मोकळं मैदान. कुटुंबाला घेऊन पुढे निघालेल्या माणसाला ती सोयीची आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण पायी कॉल करणाऱ्याला तिथून गावात यायला रिक्षा, दुपारी पाठ टेकायला परत रिक्षा, संध्याकाळी पुन्हा रिक्षा. रात्री साडेदहाला सुभाष रोडवरून तिकडे यायला कुणी तयार झालाच, तर तो म्हणेल तो भाव. आमच्या जातीच्या माणसांनी म्हणून स्टँडचा परिसर कधी सोडला नाही. तिथून पायी निघालं की दवाखाने, मेडिकल दुकानं, स्टॉकिस्ट, सगळं आवाक्यात.

मी वर्षानुवर्षं ज्या लॉजमध्ये उतरतो त्याचं नाव सांगण्यात फारसा अर्थ नाही. परभणीला, धाराशिवला, जालन्याला स्टँडबाहेर उभं राहून वर पाहिलं तर तसं एखादं दिसतंच. खाली मोबाइलचं दुकान, झेरॉक्स आणि रसवंती. दोन दुकानांच्या मधून वर जाणारा जिना. समोरून कुणी उतरत असेल तर सॅम्पलची बॅग छातीशी धरून भिंतीला चिकटावं लागतं. काउंटरमागे पाटी: चेक आउट २४ तास. मोठ्या शहरातल्या हॉटेलांना ही पाटी परवडत नाही. आमच्यासाठी मात्र ती भत्त्याइतकीच मोलाची. संध्याकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत ती आपली. म्हणजे दुपारी, दोन ओपीडींच्या मधल्या वेळेत बूट काढून आडवं व्हायला जागा.

जिना जितका अरुंद, तितकी वरची खोली रुंद. खाली शहाबादी फरशी, दोन पलंग, त्यांच्यामध्ये तिसरी गादी घालून चौथ्याला चालायला वाट उरेल एवढी जागा. भिंतीतलं कपाट, एक टेबल, कपडे वाळत घालायला आरपार बांधलेली नायलॉनची दोरी. रस्त्याच्या अंगाला गज लावलेली गॅलरी. छत इतकं उंच की पंख्याची दांडी हातभर लांब. टीव्ही आहे, लागतो कधीतरी. भिंतींचा रंग उडालाय, आरशाला डाग पडलेत, पण चादर धुतलेली मिळते आणि कडी घट्ट बसते. दर ऐकून नवखा माणूस खोली कोंदट असणार असं धरून चालतो आणि दार उघडल्यावर दोन पावलं आत येऊन थांबतो.

या जागेचा उपयोग काय, हे मला कामानेच शिकवलं. रात्री जेवून आलं की मी फरशीवर दुसऱ्या दिवसाचे कॉल मांडायचो. फिजिशियनची बीपी-शुगरची सॅम्पल एका बाजूला, बालरोगतज्ज्ञांची सिरप दुसऱ्या, हाडांच्या डॉक्टरांचं कॅल्शियम तिसऱ्या. प्रत्येक ढिगावर डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी आणि सॅम्पल ज्या क्रमाने लागतील त्या क्रमानेच बॅगेत भरायची, म्हणजे केबिनमध्ये उचकापाचक करत दोन मिनिटं वाया जात नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत बॅग उघडली की पलंग संपतो, मग असं काम होत नाही. माणूस सॅम्पल कोंबून झोपी जातो आणि सकाळी डॉक्टरांसमोर चुकीचं पाकीट काढतो. मार्च २०२४ मध्ये औषधांच्या विपणनासाठी केंद्र सरकारची नवी संहिता आली. भेटवस्तू बंद झाल्या, सॅम्पलांना वर्षाची मर्यादा आली. त्यातच छापील व्हिज्युअल एडच्या जागी हातात टॅब आला. ढीग लहान झाले. फरशी लागते ती लागतेच.

आणि रूम पार्टनर. भाडं खोलीचं असतं, माणसी नसतं. जादा गादीचे थोडे पैसे दिले की झालं. त्यामुळे तीन-चार कंपन्यांचे एमआर एका खोलीत राहणं ही आमच्यात जुनी रीत. दिवसा एकाच केबिनबाहेर एकमेकांच्या आधी कार्ड आत जावं म्हणून धडपडणारी माणसं रात्री एकाच खोलीत शेवभाजी आणि भाकरीचं पार्सल सोडून बसतात. याचे अलिखित नियम आहेत. दोघांच्या औषधांचा मॉलिक्युल एकच असेल तर डॉक्टरांचं नाव खोलीत काढायचं नाही. पहाटे परळी किंवा माजलगाव गाठायचं असेल त्याने आंघोळीचा नंबर रात्रीच सांगून ठेवायचा. घोरणाऱ्याची गादी गॅलरीच्या दाराशी. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मी औषधं शिकलो. स्टॉकिस्टचा एक्स्पायरीचा माल परत कसा घ्यायचा, क्रेडिट नोट अडकली तर कुणाला फोन करायचा, महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल कोंबला तर पुढच्या महिन्यात तो कसा अंगावर येतो, हे सगळं मी या गाद्यांवर बसून शिकलो. शिकवणारे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे होते.

काउंटरवर बसतात त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या हिशेबात गावाचा इतिहास दोन भागांत आहे: पुराच्या आधीचा आणि नंतरचा. बिंदुसरेला १९८९ च्या जुलैमध्ये आलेला पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. खोल्या एवढ्या मोठ्या कशा, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पुराच्या आदुगरचं बांधकाम हाय सर. तवा मालकाला काय ठावं लॉज कसं आसतंय. त्यानं घराच्या मापानं बांधलं." त्याच जागेवर आज कुणी बांधलं तर दुप्पट खोल्या काढेल आणि प्रत्येकीत एसी लावेल.

पण या घराच्या मापाला गिऱ्हाईक आहे, हे नानांना चांगलं ठाऊक. बीडला माणूस एकटा येत नाही. जिल्ह्याचे ११ तालुके. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट, मोठे दवाखाने सगळं बीडला. आष्टीच्या माणसाला नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, जवळ पडतं, पण कचेरीचं काम निघालं की त्याला बीडच गाठावं लागतं. कागद एकाचा असला तरी सोबत भाऊ, मेहुणा, गावातला कागद कळणारा एक जण. संध्याकाळी साहेब भेटले नाहीत तर चौघांचा मुक्काम. लग्नसराईत वऱ्हाड. आणि बारा महिने तेरा काळ पेशंटची माणसं.

एकदा शेजारच्या खोलीत पाटोद्याकडचं कुटुंब उतरलं होतं. नातू कमी दिवसांचा झालेला, काचेत ठेवलेला. सून दवाखान्यात, मुलगा पैशांच्या खटपटीत, आणि खोलीत आजी, बाळाचा मामा, सुनेची आई. आजी रोज सकाळी बाहेरच्या मोरीशी स्टोव्हवर पाणी तापवून सुनेसाठी थर्मासात भरायची. खोल्यांत स्टोव्ह लावायला बंदी आहे, तशी पाटीच लावलेली. नाना पाटीकडे पाठ करून बसायचे. मी बॅग घेऊन निघालो की आजी अडवायची: "औषधवाले ना तुमी? मग डाक्टरला सांगा की जरा, काचंतून कवा काढतेत ते." त्या डॉक्टरांकडे माझा कॉल होता. बोलणं अडीच मिनिटांचं, त्यात मी बाळाचं विचारलं. संध्याकाळी येऊन आजीला सांगितलं की वजन वाढतंय. एवढंच. पण त्या खोलीत तीन माणसं अंग टाकू शकत होती आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता, म्हणून ते कुटुंब एवढे दिवस तग धरू शकलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आणि पोर्चमध्ये वर्तमानपत्र अंथरून झोपलेली माणसं मी या नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत. या दोहोंतला फरक काही शे रुपयांचा असतो.

पावसाळ्यात लॉजचं चित्र बदलतं. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, पण टोळ्या बांधायचं काम त्याच्या कितीतरी आधी चालतं. पश्चिम महाराष्ट्रातले, कर्नाटकातले वाहनमालक मुकादमांना गाठायला बीड जिल्ह्यात येतात. अशाच एका संध्याकाळी समोरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पलंग उभे करून भिंतीला लावलेले. सतरंजीवर दहा-बारा जण, मधोमध मुद्रांक आणि स्टँपपॅड, पलीकडे टॉवेलखाली झाकलेली नोटांची बंडलं. मुकादम यादीतली नावं वाचत होता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल जोडीची. नवऱ्याचं नाव वाचलं की एक जण पुढे सरकायचा, अंगठा शाईत बुडवायचा, कागदावर दाबायचा आणि धोतराला पुसायचा. बायकोचंही नाव वाचलं जात होतं. बाई मात्र एकही त्या खोलीत नव्हती. सगळं संपल्यावर चहा आला, पलंग खाली टेकले, आणि रात्री अकराला तिथे वाहनमालक आणि त्याचा ड्रायव्हर झोपले होते.

या कागदांचा परिणाम माझ्या विक्रीच्या आकड्यांवर दिसायचा. दिवाळीनंतर जिल्ह्यातून काही लाख माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात. तालुक्याच्या गावांतल्या ओपीडी ओसरतात, टार्गेट मात्र होतं तेवढंच राहतं. पुण्या-मुंबईत बसून आकडे पाहणाऱ्याला हे समजावून सांगणं अवघड. गुढीपाडव्याच्या सुमारास माणसं परततात, आणि कंबरदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्यांना पुन्हा उठाव येतो.

जिल्ह्यात बाकीच्या गावीही मुक्काम पडतो, पण तिथली तऱ्हा वेगळी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे रुग्णांची आणि डॉक्टरांची वर्दळ असते, त्यात योगेश्वरीचे भाविक. परळीला महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारांना खोली मागूच नये. वैजनाथाच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी सगळं व्यापते आणि दर चढतात. बीडचं लॉज मात्र देवावर अवलंबून नाही. ते एसटी, दवाखाना आणि कचेरीवर चालतं, म्हणून त्याचा दर बारमाही सारखा.

भर गावात राहण्याची किंमतही मोजावी लागते. पहाटेपासून स्टँडचा कर्णा फलाटांचे नंबर ओरडायला लागतो. त्याच सुमाराला अजान, मग कुठूनतरी काकडा, मग रिक्षावाले. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. लॉजवाला टँकर घेतो आणि बाथरूममधला निळं पिंप भरून ठेवतो. त्या पाण्यात आंघोळ करायची की कूलर भरायचा, हे मे महिन्यात खोलीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. भारनियमनाच्या वर्षांत आम्ही गाद्या उचलून सरळ गच्चीवर जायचो.

३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं. एरवी ज्यासाठी आम्ही मध्यवस्तीत राहतो, तीच जागा त्या रात्री धास्तीची होती. शटर खाली ओढलेलं, जिन्यातला दिवा बंद. खानावळी बंद, म्हणून नानांनी स्वतःसाठी ठेवलेल्या सामानातून खिचडी टाकली. लॉजमध्ये सगळ्या जातिधर्मांची, सगळ्या मतांची माणसं अडकलेली होती. ती एका पातेल्यातून जेवली आणि त्या विषयावर कुणी कुणाशी बोललं नाही. नानांनी त्या दिवसांचं भाडं नेहमीचंच लावलं.

सगळंच गोड सांगून चालणार नाही. अशा लॉजमधली सगळ्यात मोठी उणीव माझ्या लक्षात आली ती टीममध्ये एक सहकारी बाई आल्यावर. ओळखपत्र हातात, कंपनीचं पत्र सोबत, तरी स्टँडजवळच्या दोन ठिकाणी तिला उत्तर मिळालं, "एकट्या लेडीजला देत नाही." कायद्याचं कारण कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी ती बायपासला राहिली, भत्त्याच्या वर गेलेले पैसे पदरचे घालून. परवडणारी आणि मध्यवस्तीतली खोली हा आमच्या धंद्यात निम्मा आधार असतो. तो बाईमाणसाला मिळत नसेल तर ती कामात मागे पडते आणि दोष तिच्या आकड्यांना लागतो. नानांनी पुढे तिला काउंटरसमोरची खोली द्यायला सुरुवात केली. तो त्यांचा चांगुलपणा. नियम म्हणून ते अजून कुठे फारसं दिसत नाही.

काळ बदलतोय. जीएसटी आला तेव्हा हजाराच्या आतल्या खोलीला तो माफ होता. १८ जुलै २०२२ पासून अशा खोल्यांनाही १२ टक्के लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान लॉजला नोंदणीच करावी लागत नाही, त्यामुळे नानांच्या हातच्या बिलावर कर दिसत नाही आणि आमच्या ऑफिसला दर वेळी त्यावर शंका येते. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. ज्या रेल्वेसाठी दोन पिढ्यांनी मोर्चे काढले ती आली खरी. पण स्टेशन गावाबाहेर आणि दवाखाने गावात, त्यामुळे स्टँडसमोरच्या जिन्यावरची वर्दळ तशीच आहे.

धंद्यात नव्याने आलेल्या पोरांना मी एवढंच सांगतो. मोबाइलवरचे फोटो बघून पैसे भरू नका. फोटो पलंगाचा असतो, खोलीचा नसतो. जिना चढा, दार उघडायला लावा, नळ सोडून बघा, गादीचा कोपरा उचलून बघा, कडी लावून बघा. पलंग सोडून फरशी किती उरते ते बघा. चेक आउट २४ तास आहे का ते विचारा. आणि पहिल्या डॉक्टरांपर्यंत पायी किती वेळ लागतो तो मोजा. एवढ्यावर ठरवलेली खोली सहसा फसवत नाही.

लॉजच्या मालकाचा मुलगा आता प्रत्येक खोलीत मधून भिंत घालायचं म्हणतोय. एकाच्या दोन होतील, दोन्हींत एसी बसेल, भाडं वाढेल. त्याचा हिशेब चुकीचा नाही. जागा भर गावातली आहे आणि ती त्याची आहे. पण त्या खोलीत कमी दिवसांच्या बाळाची आजी मावणार नाही, कचेरीत अडकलेले चौघे मावणार नाहीत, आणि आम्ही तर नाहीच नाही. जिल्हा रुग्णालयाभोवती नातेवाइकांसाठी स्वस्त निवाऱ्याची सोय होईल तेव्हा होईल. तोवर ते काम असलीच लॉजं करत आहेत. म्हणून त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्या मालकांना एक विनंती: भिंती घाला, एसी लावा, पण निदान एक मजला जुन्या मापाचा राहू द्या. तो रिकामा राहणार नाही, याची खात्री मी देतो.